गावच्या धरणाच्या पायथ्याशी पाणी दिसतंय, काळजी करावी का?

शिवारफेरी

नमस्कार मंडळी,

आमचं गाव नगर-नाशिकच्या सीमेवरच्या पठारावर आहे. गावाच्या वरच्या अंगाला ओढ्यावर मातीचं धरण आहे. १९७२ च्या दुष्काळानंतर रोजगार हमीवर त्याचं काम निघालं. आजोबांच्या पिढीनं त्यावर माती वाहिली आणि आमच्या पिढीनं त्याच्या पाण्यावर कांदा पिकवला. धरणाखाली दोन वाड्या, प्राथमिक शाळा आणि ओढ्याला लागून बरीच घरं आहेत.

यंदा परतीच्या पावसानं तलाव तुडुंब भरला. दिवाळीत गावी गेल्यावर भरावावरून चक्कर मारली आणि जे दिसलं त्यानं झोप उडाली. विमोचकाच्या (शेतीला पाणी सोडायच्या दाराच्या) उजव्या अंगाला पायथ्याशी पाणी पाझरतंय, लव्हाळा माजलाय आणि चालताना पाय रुततो. पाण्याच्या बाजूचं पिचिंग, म्हणजे दगडांचं अस्तर, ठिकठिकाणी निसटलंय. माथ्यावर वेड्या बाभळी आणि घाणेरीचं रान आहे. उतारावर मोठाली बिळं आहेत. मासे वाहून जाऊ नयेत म्हणून मासेमारीच्या ठेकेदारानं सांडव्यावर (जादा पाणी जायच्या वाटेवर) आडवी जाळी बांधलीय. पूर्वी चौकीदार असायचा. तो निवृत्त झाल्यावर त्याच्या जागी कुणी आलेलं नाही.

धरण नक्की कुणाचं, हे विचारत फिरलो. प्रत्येकानं पुढच्या कार्यालयाचा पत्ता दिला.

दोनच प्रश्न आहेत. हा पाझर धोक्याचा आहे का? आणि बोलायचं कुणाशी?

टिपकागद

वाचतेय. आमच्याकडेही असाच एक तलाव आहे. जाणकारांच्या प्रतिसादाची वाट पाहते.

कांदापात

शिवारफेरी, मातीचं धरण म्हटलं की पाझर आलाच. आमच्या पाझर तलावाखालच्या विहिरी त्या पाझरावरच मार्चपर्यंत चालतात. उगाच बोभाटा केला तर काय होतं ते सांगतो. वरून माणसं येतात, 'धोकादायक' असा शेरा मारतात आणि विमोचक उघडून तलाव रिकामा करतात. दुरुस्तीचा निधी कधी येईल ते देव जाणे, रब्बी मात्र त्याच वर्षी जाते. शेजारच्या गावात हे झालेलं पाहिलंय. तिथली माणसं अजून टँकरवर आहेत. तेव्हा आधी नीट बघा, मग बोला.

वाशिष्ठीकाठ

कांदापात, रब्बी पुन्हा येते हो.

मी चिपळूणचा. २ जुलै २०१९ च्या रात्री आमच्या तालुक्यातलं तिवरे धरण फुटलं. तेही लहानच होतं, मातीचं, बांधून वीस वर्षांच्या आसपास झालेली. रात्री साडेनऊच्या सुमारास, माणसं जेवून निजानीज करत असताना भेंदवाडीवर पाणी आलं. घरं जोत्यासकट गेली. वीसहून अधिक माणसं गेली. काहींचे मृतदेह नदीत कितीतरी खाली सापडले. गावकऱ्यांनी गळतीची तक्रार आधीच केली होती, हे तेव्हा सगळ्या वर्तमानपत्रांत आलं होतं. मातीही टाकली होती म्हणे. आणि नंतर त्या वेळच्या मंत्र्यांनी खेकड्यांमुळे धरण फुटलं असं सांगितलं. ज्यांच्या घरातली माणसं गेली त्यांना ते ऐकावं लागलं.

शिवारफेरी, तुम्हाला दिसलंय ना, मग सोडू नका. धरण लहान आहे म्हणून धोका लहान, असं कुणी सांगितलं तर त्याला भेंदवाडीला घेऊन या.

मोजमाप

पाटबंधाऱ्याच्या कामात नोकरी गेली, त्यातली बरीच वर्षं लघु पाटबंधाऱ्यांवर. थोडं सविस्तर टंकतो, कारण कांदापात आणि वाशिष्ठीकाठ दोघंही खरं सांगतायत.

मातीच्या धरणातून पाणी पाझरतंच. मधला गाभा चिकणमातीचा असतो, दोन्ही बाजूंना मुरमाचं आवरण असतं, आणि पाझरलेलं पाणी सुखरूप बाहेर पडावं म्हणून पायथ्याशी दगडांचा निचरा ठेवलेला असतो. तिथून बारमाही स्वच्छ धार येत असेल तर धरण ठरल्याप्रमाणे वागतंय. नेहमीचा पाझर तलाव भरलेला असताना अचानक बंद झाला, तर मला उलट जास्त काळजी वाटेल. निचरा तुंबला की पाणी भरावातच वर चढतं आणि उतार मऊ होऊन घसरतो.

धोका कशात आहे? पाणी माती घेऊन बाहेर येतं त्यात. सुरुवात खालच्या टोकाला होते. पाण्याबरोबर मातीचे कण निघतात, तिथे पोकळी होते, पोकळीकडे आणखी पाणी धावतं आणि ती नळी मागे मागे, तलावाच्या दिशेनं सरकत जाते. बाहेरून महिनोन्‌महिने फक्त ओल दिसते. नळी तलावाला भिडली की उरतात ते तास.

शिवारफेरी, तुम्ही लिहिलंय 'विमोचकाच्या उजव्या अंगाला'. त्या शब्दांवर मी थांबलो. भरावातून आरपार जाणारा विमोचकाचा नळ ही मातीच्या धरणातली सगळ्यांत नाजूक जागा. नळाच्या कडेची माती रोलरनं नीट दबत नाही, हातानं धुमस करावी लागते आणि ती कितपत झाली हे नंतर कुणालाच सांगता येत नाही. पानशेत आठवा. काम पुरतं झालेलं नसताना पाणी अडवलं, विमोचकावरचा भराव खचत गेला. जवानांनी रात्रभर वाळूची पोती रचली म्हणून धरण रात्री न फुटता १२ जुलै १९६१ च्या सकाळी फुटलं. त्या काही तासांनी पुण्यातली किती माणसं वाचली असतील!

तेव्हा आधी एवढं करा. पाझर जिथून वाहतो तिथे छोटी चर काढून पाणी एका जागी आणा, पण भरावाला फावडं लावू नका. चर पायथ्यापासून लांब घ्या. काचेच्या स्वच्छ बाटलीत पाणी भरा आणि रात्रभर न हलवता ठेवा. सकाळी तळाशी माती बसली का ते पाहा. मग वीस लिटरची बादली लावून ती किती सेकंदांत भरते ते मोजा. तारीख, वेळ, तलावाची पातळी, आदल्या दिवशी पाऊस होता की नाही, सगळं वहीत लिहा. एकाच जागेवरून फोटो काढा.

एकट्या आकड्याला अर्थ नाही. आकडा वाढतोय का आणि पाणी गढूळतंय का, यावर सगळं आहे.

कांदापात

मोजमाप साहेब, हे पटलं. माझं म्हणणं एवढंच की घाबरून रिकामं करू नका.

मोजमाप

घाईनं रिकामं करणं तांत्रिकदृष्ट्याही वाईट. भराव महिनोन्‌महिने भिजलेला असतो. समोरचा पाण्याचा आधार एकदम काढून घेतला तर आतल्या बाजूचा उतार घसरू शकतो. पातळी खाली आणायची ती हळूहळू आणि रोज माथ्यावरच्या भेगा बघत. लांबीच्या दिशेनं गेलेली भेग वाईट, आडवी, म्हणजे पाण्याकडून गावाकडे गेलेली, त्याहून वाईट. काळ्या मातीला उन्हाळ्यात भेगा पडतातच. त्या वरवरच्या आहेत की खोल, हे छोटा खड्डा घेऊन अनुभवी माणसानंच ठरवावं.

सराफा_गल्ली

इंदूरहून. पातळी खाली आणायची म्हणजे काय ते आम्ही ऑगस्ट २०२२ मध्ये टीव्हीवर रात्रंदिवस पाहिलं. आमच्या शेजारच्या धार जिल्ह्यात कारम नदीवरचं बांधकाम चालू असलेलं मातीचं धरण गळायला लागलं. खालची अठरा गावं रिकामी केली, आग्रा-मुंबई महामार्गावरची वाहतूक थांबवली आणि पोकलेन लावून बाजूनं चर खोदून पाणी सोडून दिलं. शेतं गेली, धरणाचा मोठा भाग गेला, पण माणूस एकही दगावला नाही. माझ्या सासरची शेती खरगोनकडे आहे. लोक गुरं सोडून निघायला तयार नव्हते, पोलिसांनी विनवण्या केल्या. काम खराब झालं होतं हे खरंच. पण गळती दिसल्यावर लोकांना वेळेत हलवलं, म्हणून नुकसान पिकांवर निभावलं.

झाडीपट्टी

भंडाऱ्याकडचा आहो मी. आमच्या इकडे भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोलीत हजारो मालगुजारी तलाव आहेत, म्हणजे जुन्या जमीनदारीच्या काळातले. कोहळी समाजाच्या लोकांनी दोन-तीनशे वर्षांपूर्वी बांधलेले, काही त्याहून जुने. रोलर नाही, प्रयोगशाळा नाही, आणि पाळी, म्हणजे मातीचे बांध, अजून उभ्या आहेत.

उभ्या का राहिल्या? दरवर्षी पावसाआधी गाव पाळीवर जात होतं. माती टाकायची, तुडुम, म्हणजे पाणी सोडायचं दार, साफ करायचं, जादा पाणी जायची वाट मोकळी करायची. कुणाच्या वाट्याला किती काम, हे ठरलेलं होतं. १९५० च्या कायद्यानं मालगुजारी गेली आणि तलाव सरकारजमा झाले. मालगुजारी गेली ते बरंच झालं, त्या पद्धतीतला जाच आमच्या आज्यानं भोगलाय. पण पाळीवर जाणारं गावही त्यासोबत गेलं. मग कुठं गाळानं भरले, कुठं पाळ फुटली, कुठं आत अतिक्रमण झालं.

शिवारफेरीभाऊ, तुमच्या धरणाच्या बाबतीत चौकीदार गेला ही गोष्ट मला पिचिंगपेक्षा मोठी वाटते.

टिपकागद

झाडीपट्टी, सुंदर प्रतिसाद. तुडुम कसं असतं यावर स्वतंत्र धागा काढा ना!

माझी शंका वेगळी आहे. आमच्या तलावाच्या भरावावर गेल्या पावसाळ्यात शाळेनं वृक्षारोपण केलं. करंज, कडुनिंब, वड. मुलांनी उन्हाळ्यात हंड्यानं पाणी घालून झाडं जगवलीत. ते बरोबर आहे की नाही?

मोजमाप

टिपकागद ताई, भरावावर झाड नको. गवत हवं, दाट आणि आखूड. झाडाची मुळं ओलाव्याच्या मागे भरावात शिरतात. झाड मेलं की मूळ कुजतं आणि त्या जागी पाण्याला तयार वाट मिळते. वादळात झाड उन्मळलं तर माथ्याचा लचका घेऊन जातं. वड तर मुळीच नको.

रोपं अजून लहान आहेत तोवर मुलांच्याच हातून काढून खालच्या गायरानात लावून घ्या. मुलांना कारणही सांगा, समजतं त्यांना. जुनी मोठी झाडं मात्र जेसीबी लावून उपटू नका. तलाव भरलेला असताना मुळासकट झाड ओढलं तर भरावाला भगदाड पडतं. ते काम पाणी उतरल्यावर, खात्याच्या देखरेखीखाली. मुळं खणून काढायची आणि खड्डा चांगल्या मातीनं थराथरानं दाबून भरायचा.

वाशिष्ठीकाठ

साहेब, खेकड्यांचं पण सांगून टाका एकदा. आमच्या मनात ते सलतंय.

मोजमाप

सांगतो. खेकडे, घुशी, साळिंदर बिळं करतात हे खरंय. म्हणून तर बिळं शोधणं, खणून पाहणं आणि माती दाबून बुजवणं हे देखभालीत असतं, आणि ते दरवर्षी करायचं असतं. आडवा-उभा छेद नीट असलेलं, गाभा शाबूत असलेलं, देखभाल होणारं धरण खेकड्यांनी फुटत नाही. बिळं वाढत वाढत धोक्यापर्यंत गेली असतील तर मध्ये कितीतरी पावसाळे ती कुणी बघितलीच नाहीत. २०१८ मध्ये पुण्यात मुठा उजवा कालवा फुटून दांडेकर पुलाजवळच्या वस्तीत पाणी शिरलं, तेव्हाही उंदीर-घुशी-खेकड्यांचं नाव पुढे आलं होतं. प्राण्यांना कुणी देखभालीचं काम दिलेलं नव्हतं.

वाशिष्ठीकाठ

धन्यवाद. हे कुणीतरी इतकं सरळ म्हणायला हवं होतं.

माळकरी_पुणे

सांडव्यावरची जाळी कुणी मनावर घेतलेली दिसत नाही. माझ्या मते पाझरापेक्षा ती जास्त घातक. पाझर वर्षानुवर्षं चालेल, पण मोठ्या पावसात जाळीला काटक्या, गवत, प्लास्टिक, मेलेली जनावरं अडकली की सांडवा अर्ध्या तासात बंद.

मोजमाप

अनुमोदन. मीच पाझरात अडकून पडलो होतो, तुम्ही बरोबर जागी बोट ठेवलंत.

दगडी धरणावरून पाणी गेलं तर ते बऱ्याचदा तग धरतं. मातीच्या धरणाच्या माथ्यावरून पाणी वाहायला लागलं की ते खालचा उतार कापत कापत माथा खाऊन टाकतं. म्हणून सांडव्याच्या पातळीपासून भरावाच्या माथ्यापर्यंत काही मीटर उंची मोकळी सोडलेली असते. ती पुरासाठी असते. लोकांना वाटतं एवढी जागा वाया जातेय. मग सांडव्यावर पोती रचतात, कुठे कुठे चक्क सिमेंटचा बांध घालतात, फूट-दीड फूट पाणी जादा मिळावं म्हणून. त्या फुटानं पिकाला पाण्याच्या दोन पाळ्या मिळतात, आणि पूर आला की तीच मोकळी उंची कमी पडते.

गुजरातमधलं मच्छू-२ धरण, ११ ऑगस्ट १९७९. सांडव्याच्या क्षमतेपेक्षा कितीतरी जास्त पूर आला, बाजूच्या मातीच्या भरावांवरून पाणी गेलं, भराव वाहून गेले आणि मोरबी शहर बुडालं. माणसं हजारांनी गेली. ते धरण मोठं होतं, पण मातीचा स्वभाव लहान धरणातही तोच.

शिवारफेरी, सांडव्याच्या पुढची चरही बघा. तिथे कुणी शेत केलंय का, रस्ता टाकून बारके पाईप बसवलेत का, टपऱ्या आहेत का.

शिवारफेरी

सगळ्यांचे मनापासून आभार. धाग्यावर नव्हतो कारण गावी होतो.

बाटलीतलं पाणी सकाळी नितळ होतं, तळाशी काही नाही. बादली चाळीस सेकंदांत भरते, म्हणजे सेकंदाला अर्धा लिटर. चुलतभाऊ रोज सकाळी मोजतोय आणि वहीत लिहितोय. सांडव्याच्या चरीत एकानं मका केलाय आणि खाली पाणंद ओलांडते तिथे दोन बारके सिमेंट पाईप आहेत. बिळांचे फोटो काढलेत.

गावातला एक मिस्त्री म्हणतो, पाझर निघतो त्या तोंडाशी काँक्रीट ओतून टाकू, खर्च मी करतो. चांगल्या मनानं म्हणतोय. करावं का?

मोजमाप

अजिबात नको! आज सुरक्षितपणे बाहेर येणारं पाणी आत कोंडलं तर दाब वाढून ते दुसरीकडून फुटेल, आणि ती जागा कदाचित आपल्याला दिसणारही नाही.

पाणी गढूळ व्हायला लागलं किंवा पायथ्याशी उकळी फुटल्यासारखे बुडबुडे आणि भोवती वाळूची रांगोळी दिसली, तर तातडीचा उपाय म्हणजे उलटा फिल्टर. आधी स्वच्छ जाड वाळूचा थर, त्यावर बारीक खडी, त्यावर मोठी खडी, वर दगड. पाण्याला जाऊ द्यायचं, मातीला अडवायचं. त्यासाठी वाळू आणि खडीचे ढीग पावसाळ्याआधीच भरावाजवळ टाकून ठेवावेत. ऐन पावसात तिथे ट्रॅक्टर पोचत नाही.

अर्धा लिटर आणि नितळ, हे ऐकून मला बरं वाटलं. पण जागा विमोचकाजवळची आहे हे विसरू नका. विमोचकाच्या नळाच्या तोंडातून दार बंद असताना पाणी येतं का तेही पाहा. येत असेल तर ते दाराच्या गळतीचं की नळाला पडलेल्या भेगेतून शिरलेलं, हे तपासायला हवं.

खात्याला पायथ्याशी व्ही आकाराची खाच बसवायला सांगा. काटकोनी खाचेवरून ५ सेंमी पाणी वाहिलं तर सेकंदाला सुमारे पाऊण लिटर, १० सेंमी वाहिलं तर जवळपास साडेचार लिटर. उंची दुप्पट तर पाणी साडेपाच पटीहून जास्त. म्हणून खाचेवर दोन-तीन सेंमीची वाढही हलक्यात घ्यायची नाही.

अर्जदार

दुसऱ्या प्रश्नाकडे वळतो, तो मागेच राहिला. धरण कुणाचं?

ढोबळमानानं, राज्यात शंभर हेक्टरपर्यंतच्या सिंचनाची कामं जिल्हा परिषदेच्या लघु पाटबंधारे विभागाकडे, त्यावर सहाशे हेक्टरपर्यंतची मृद व जलसंधारणाकडे आणि त्यावरची जलसंपदेकडे. पण जुन्या कामांची हस्तांतरं झालेली असतात, काही कागदावर अर्धवट. त्यामुळे तोंडी विचारत फिरू नका. तिन्हीकडे एकाच दिवशी माहितीच्या अधिकारात अर्ज टाका. धरणाची मालकी, प्रशासकीय मान्यता, सांडव्याचं संकल्पन, पावसाळ्यापूर्वीचे आणि नंतरचे पाहणी अहवाल मागा. तीस दिवसांत उत्तर द्यावं लागतं, आणि 'आमच्याकडे नाही' हेही लेखी द्यावं लागतं.

आता कायदा. धरण सुरक्षा कायदा २०२१ हा ३० डिसेंबर २०२१ पासून लागू आहे. १५ मीटरपेक्षा उंच धरणं सरसकट त्यात येतात. १० ते १५ मीटरमधली येतात ती काही अटींवर, जसं की माथ्याची लांबी ५०० मीटर किंवा अधिक, किंवा साठा १० लाख घनमीटर किंवा अधिक. धरण कायद्यात बसलं की पावसाळ्यापूर्वी आणि नंतर पाहणी करणं, पूर किंवा काही विपरीत चिन्ह दिसल्यावर खास पाहणी करणं, देखभालीला पैसा ठेवणं आणि आपत्कालीन कृती आराखडा करणं मालकाला बंधनकारक आहे.

तुमच्या धरणाची उंची आणि साठा सांगा.

शिवारफेरी

विमोचकाच्या खोलीवर जुना फलक आहे. त्यावर साठा ४२ दलघफू (दशलक्ष घनफूट). उंची पुसट झालीय. आम्ही दोरी लावून ओढ्याच्या तळापासून मोजली तर साधारण साडेनऊ मीटर भरली. म्हणजे कायद्यात बसत नाही का?

अर्जदार

थांबा. कायद्यातली उंची ओढ्याच्या तळापासून धरत नाहीत. पायाच्या सर्वसाधारण भागातल्या सर्वांत खालच्या जागेपासून माथ्यापर्यंत धरतात. पाया खोदलेला असतो, तेव्हा अर्धा-एक मीटर तिथेच वाढण्याची शक्यता आहे. नकाशावरून बघावं लागेल. साठ्याबद्दल मोजमाप साहेब सांगतील.

मोजमाप

३५.३ दलघफू म्हणजे एक दलघमी (दशलक्ष घनमीटर), म्हणजे १० लाख घनमीटर. ४२ म्हणजे जवळजवळ १.१९ दलघमी. साठ्याची अट पूर्ण होते. उंची नकाशावर १० मीटरच्या वर निघाली की धरण कायद्यात आलं. मूळ नकाशे मागा, त्यात पायाची पातळी असेल.

कांदापात

आणि कायद्यात नाही बसलं तर? आमच्या तालुक्यातले बहुतेक पाझर तलाव सात-आठ मीटरचेच आहेत. खाली वस्ती आहे, पण तलाव कुठल्याच यादीत नाहीत. देशात सगळ्यांत जास्त मोठी धरणं महाराष्ट्रात, आणि त्यांची पाहणी करायलाच माणसं पुरत नाहीत. ह्या लहानग्यांकडे कोण बघणार?

अर्जदार

कांदापात, हा या धाग्यातला सगळ्यांत अवघड प्रश्न आहे. उंची कितीही असो, मालक विभागाची देखभालीची जबाबदारी संपत नाही. शिवाय आपत्ती व्यवस्थापन कायदा २००५ प्रमाणे जिल्हाधिकारी जिल्हा प्राधिकरणाचे अध्यक्ष असतात. ग्रामसभेचा ठराव, फोटो आणि तुमच्या वहीच्या पानांच्या प्रती जोडून तहसीलदार आणि जिल्हाधिकाऱ्यांना द्या आणि पोच घ्या. ठरावात 'धोका आहे' असं मोघम लिहू नका. कुठे, केव्हापासून, सेकंदाला किती लिटर, खाली किती घरं, असं लिहा. असा कागद बाजूला सारणं कठीण जातं.

झाडीपट्टी

आणि वही थांबवू नका. कागद गेला म्हणून पाळ सांभाळली जात नाही.

मृगाची_वाट

गाळाबद्दल कुणी बोललं नाही म्हणून लिहिते. आमच्याकडे गाळमुक्त धरण योजनेत काम झालं, शेतकऱ्यांनी गाळ नेला, शेतं सुधारली. चांगलं काम. पण शेवटी शेवटी ट्रॅक्टरवाल्यांना लांब जायचा कंटाळा आला आणि भरावाच्या अगदी जवळ पोकलेन लागला. गाळ संपून पिवळी माती निघाली तरी खोदतच होते. आम्ही बायकांनी जाऊन थांबवलं. वीटभट्टीला चाललेली ती माती. आम्ही थांबवलं ते योग्यच ना?

मोजमाप

शंभर टक्के योग्य. गाळ काढायचा तो भरावापासून ठरवून दिलेलं अंतर सोडून आणि मूळ तळाच्या खाली न जाता. तळावरचा चिकणमातीचा थर खरवडला की पाणी पायाखालून वाट शोधतं आणि भरावाचा पायथाही उघडा पडतो. तुम्ही गेलात म्हणून ते धरण वाचलं असेल. गावात हे माहीत असणाऱ्या बायका आहेत, हीच मोठी गोष्ट.

शिवारफेरी

थोडी बातमी आहे.

धरणाच्या मालकीचं लेखी उत्तर आलं. ज्या कार्यालयानं आधी हात झटकले होते त्यांच्याच नोंदवहीत ते निघालं. जुन्या नकाशात पाया ओढ्याच्या तळाखाली गेलेला आहे आणि उंची दहा मीटरच्या वर भरते. अर्जदार, तुमच्यामुळे हे कळलं. ग्रामसभेत ठराव झाला. वहीची पानं जोडून दिली, त्यानंतर तरुण शाखा अभियंता स्वतः येऊन गेले. पूर्ण भरावावर चालले, विमोचकात उतरले. पाझर सध्या नितळ असल्यानं तलाव रिकामा करायचा नाही, रब्बीचं पाणी नेहमीप्रमाणे देत पातळी उतरवायची आणि उन्हाळ्यात विमोचकाचा नळ तपासायचा, असं त्यांनी सांगितलं. लेखी मागितलंय.

मक्याचं शेत पीक निघाल्यावर सोडायचं मालकानं कबूल केलं. जाळीवर मात्र भांडण आहे. ठेकेदार म्हणतो, मासे गेले तर भरपाई कोण देणार. त्याचं बीज टाकलेलं आहे, नुकसान खरंच होईल.

मोजमाप साहेब, आता तुमच्या तोंडून ऐकायचंय. काळजी करू की नको?

मोजमाप

करा, पण घाबरू नका. आजच्या घडीला पाझर नितळ आहे, स्थिर आहे, तलाव उतरतोय. वाड्या हलवण्याची वेळ नाही. पुढच्या जूनपर्यंत तीन गोष्टी झाल्या नाहीत तर मात्र मी तिथे निर्धास्त झोपणार नाही: नळाची तपासणी, सांडवा मोकळा आणि बिळं-बाभळींचा निकाल. पैशाअभावी पिचिंग लांबलं तर एक पावसाळा चालेल, सांडवा लांबलेला चालणार नाही.

जाळीचं असं करा. सांडव्याच्या तोंडावरून काढा. ठेकेदाराला मासे अडवायचेच असतील तर तलावातच, सांडव्यापासून लांब, तरंगती जाळी लावू दे. ती ओझ्यानं सुटली तरी पाणी अडत नाही. त्यालाही खात्याची परवानगी घ्यायला लावा.

कांदापात

ठेका देतानाच करारात ही अट घालता येईल ना? आमच्याकडे या वर्षी नवा ठेका निघतोय. मी सोसायटीच्या बैठकीत मांडतो. आणि मोजमाप साहेब, एका रविवारी आमच्या तलावावर या. जेवण माझ्याकडे. पाझर दाखवतो, तो मला तीस वर्षांपासून माहीत आहे, पण बादली कधी लावली नव्हती.

मोजमाप

येतो. ज्वारी निघायच्या आधी बोलवा, हुरडा मिळेल.

वाशिष्ठीकाठ

शिवारफेरी, एक राहिलं. खालच्या वाड्यांना रात्री उठवायचं कुणी आणि कसं, ते ठरलंय का? मोबाईलवर विसंबू नका, पावसात टॉवर जातो. आमच्याकडे आता लोक विचारतात, भोंगा कुठे आहे, चावी कुणाकडे आहे. चढावरची कुठली जागा गाठायची हे शाळेतल्या पोरांनाही माहीत हवं. म्हाताऱ्या माणसांना कोण उचलणार त्यांची नावं आधीच लिहून ठेवा. जिल्ह्याच्या आपत्ती कक्षाचा १०७७ शाळेच्या भिंतीवर रंगवून घ्या.

शिवारफेरी

ठरलं नव्हतं. खालच्या वाडीच्या देवळावर भोंगा आहे, पण तो विजेवर चालतो. बॅटरीची सोय करायला पंचायतीला आजच सांगतो. चढावर शाळेचं नवं सभागृह आहे, तिथे माणसं मावतील. म्हाताऱ्या माणसांची यादी आशाताईंकडे आधीच आहे, त्यांच्याकडून घेतो. रात्री भरावावर कुणी जायचं यासाठी पाच-सहा पोरं तयार झालीत. त्यांना नक्की काय बघायचं हे शिकवावं लागेल. मोजमाप साहेब, कांदापातांकडून परतताना आमच्याकडे वाट वाकडी कराल का?

मोजमाप

करतो. पोरांना विजेऱ्या आणि काचेच्या बाटल्या घेऊन बोलवा. आणि वही.